पैठणी, शेरवानी ड्रायक्लीनला द्यायचीय, जळगावात भरवशाचं दुकान कसं ओळखायचं?

जळगावची_सून

नमस्कार मंडळी, नणंदेचं लग्न आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) नंतर पार पडलं आणि आता ड्रायक्लीनला द्यायच्या कपड्यांचा ढीग लागलाय. बाकीच्याचं काही नाही पण दोन गोष्टींची खरंच काळजी वाटू राहिली. एक म्हणजे सासूबाईंची पैठणी, त्यांच्या लग्नातली, येवल्याहून घेतलेली, जर खरी आहे, तिच्या निऱ्यांवर पंगतीत वांग्याच्या घोटलेल्या भाजीचं तेल सांडलं. आणि दुसरी मिस्टरांची शेरवानी, गळ्याला आणि बाह्यांना खडे आहेत, मे महिन्यातलं आपलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, आतून घामाने पूर्ण भिजली होती.

इथे माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक मोबाईलवरून बुक करायचं, माणूस घरी येऊन कपडे नेतो आणि परत आणून देतो, पॅकिंग एकदम मस्त असतं. दुसरं बाजारातलं जुनं दुकान, दिसायला साधं, पण सासूबाई म्हणतात तिथेच दे. मागे एका तिसऱ्याच ठिकाणी माझी सिल्कची ओढणी दिली होती ती परत आली तेव्हा रंग उतरलेला आणि कडक झालेली, विचारलं तर पावतीची मागची बाजू दाखवली, "जबाबदारी नाही" म्हणून. त्यामुळे आता भीती बसलीय. दुकानाचं नाव सांगा असं नाही म्हणत मी, पण चांगला ड्रायक्लीनर ओळखायचा कसा, काय विचारायचं, हे कोणी नीट सांगेल का?

धुळ्याची_काकू

ताई आधी एक सांगा, तेलाच्या डागाला घरी पाणी, साबण, लिंबू काही लावलंय का? नसेल लावलं तर आता लावूही नका. लग्नघरात डाग पडला की चार बाया चार उपाय सांगतात आणि तिथेच ओल्या रुमालाने घासतात, त्या घासण्यानेच रेशमाचा तंतू उसवतो आणि पांढरट चट्टा पडतो, तो चट्टा मग जगातला कोणताच ड्रायक्लीनर काढू शकत नाही कारण तो डाग नसतोच, कापड झिजलेलं असतं. ताजं तेल असतं तर वरून टाल्कम पावडर टाकून ठेवायची, तेल बरंचसं ओढून घेते, मग हलक्या हाताने झटकायची. आता इतके दिवस झालेत तर तशीच द्या, फक्त लवकर द्या. तेल जुनं होत गेलं की पिवळं पडतं आणि घट्ट बसतं.

आणि सासूबाईंचं ऐका. जुन्या दुकानात त्यांनी आजवर काय काय दिलं आणि ते कसं परत आलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भुसावळचा_लाँड्रीवाला

ताई आमचा घरचाच धंदा आहे, वडिलांपासून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट जी गिऱ्हाईक कधीच विचारत नाही ती ही की कपडा धुतला कुठे जातो. बऱ्याच दुकानांत मशीन नसतं. दुकान फक्त कपडे घ्यायला आणि द्यायला, धुलाई दुसरीकडे, कधी गावातच एमआयडीसीत तर कधी दुसऱ्या शहरात. त्यात वाईट काही नाही, मशीन महाग असतं, प्रत्येकाला परवडत नाही. पण मग तुम्ही काउंटरवर जे सांगितलं ते धुणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे ना? तुम्ही म्हणाल "इथे तेल आहे, इथे शरबत आहे" आणि तो नुसतं "हो हो" म्हणून पिशवीत कोंबेल तर काय उपयोग. म्हणून सरळ विचारा, भाऊ धुलाई कुठे करता, डाग कोण काढतो, त्याला मी काय सांगतेय ते कळणार कसं. जो माणूस याचं उत्तर न चिडता देतो तिथे अर्धं काम झालं समजा. घरी येऊन नेणाऱ्यांचंही तेच, नेणारा पोरगा चांगला असेल, पण तो धुणारा नाही, त्याला फक्त पिशवी मोजायची असते. त्यांना द्यायचं असेल तर शर्ट, पडदे, ब्लँकेट बिनधास्त द्या, पैठणी मात्र स्वतः घेऊन जा आणि समोर उघडून दाखवा.

दुसरं म्हणजे तो कपडा कसा बघतो. चांगला कारागीर साडी हातात घेतली की पूर्ण उलगडतो, उजेडात धरतो, घडीच्या रेषेवर बोट फिरवतो कारण जुनं रेशम आधी घडीवरच विरतं, जर कुठे काळी पडलीय का, कुठे धागा निघालाय का बघतो आणि ते सगळं पावतीवर लिहितो. काही लोकांना याचा राग येतो, वाटतं आधीच खोट काढून ठेवतोय. तसं नाही, ते तुमच्याही फायद्याचं आहे, परत घेताना भांडण होत नाही. शेरवानीचं असेल तर तो खडे हाताने हलवून बघेल, शिवलेले आहेत की चिकटवलेले. हे विचारलंच नाही तर सावध व्हा.

आणि तिसरं, मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं, तो कशाला तरी "नाही" म्हणतो का. "सगळं निघून जाईल ताई, एकदम नवी करून देतो" म्हणणाऱ्याला मी स्वतः माझ्या घरचा कपडा देणार नाही. जो म्हणतो की तेल जाईल पण हा जुना डाग पूर्ण नाही जाणार, जास्त ओढलं तर कापड जाईल, त्याच्याकडे द्या. आमच्यात डाग काढणं हेच खरं कसब आहे, मशीन तर बटण दाबलं की फिरतंच. कुठला डाग आहे, कुठलं कापड आहे, आधी वाफ द्यायची की आधी औषध लावायचं, किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं.

खात्री करायची असेल तर आधी साधी सिल्कची साडी किंवा एखादं जाकीट देऊन बघा. परत आल्यावर बटणं तपासा, शिवणीचा आतला भाग बघा, वास घ्या, पांढरं कापड असेल तर करडं पडलंय का बघा. करडेपणा आला म्हणजे धुवायचं द्रव नीट गाळत नाहीत, तेच तेच वापरतात.

अमळनेरकर_सध्या_पुण्यात

लाँड्रीवाले दादांनी खूप मुद्द्याचं सांगितलं. मी केमिकलमध्ये काम करतो म्हणून द्रवाबद्दल थोडं जोडतो.

ड्रायक्लीनमध्ये कपडा पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये फिरवतात. मोठ्या मशीनमध्ये अनेक ठिकाणी परक्लोरोइथिलीन असतं, बोलताना पर्क म्हणतात. छोट्या ठिकाणी एमटीओ म्हणजे मिनरल टर्पेंटाइन किंवा तशाच प्रकारचं पेट्रोलियमचं द्रव वापरतात, त्यालाच लोक पेट्रोल वॉश म्हणतात. दोन्ही तेल, तूप, मेकअप छान विरघळवतात, आणि रेशीम पाण्यात फुगतं, रंग सोडतं तसं यांत सहसा होत नाही, सगळा फायदा तोच. पण पर्क जास्त तेज आहे. चिकटवलेल्या खड्यांचा गोंद सोडवू शकतं, काही प्लास्टिकची बटणं आणि टिकल्या मऊ करतं. म्हणून ताई शेरवानीसाठी दुकानात नक्की विचारा कोणतं द्रव आहे. खडे चिकटवलेले असतील तर पेट्रोलियमवालं त्यातल्या त्यात सौम्य, आणि तरी आधी एका कोपऱ्यात लावून बघायला सांगा.

शेरवानीच्या आत लेबल असेल तर ते बघा. नुसतं वर्तुळ हे ड्रायक्लीनचं चिन्ह. आत पी असेल तर पर्क चालतं, एफ असेल तर फक्त पेट्रोलियमचं, आणि वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीन करूच नका. रेडिमेडला बहुतेक असतं, शिवून घेतलेल्याला नसणार.

अजून एक, हे आरोग्याचं आहे म्हणून आवर्जून लिहितो. पर्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात म्हणजे २ए मध्ये ठेवलंय, आणि अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम काढला. याचा खरा धोका रोज त्या वाफेत उभं राहणाऱ्या कामगाराला आहे, वर्षातून दोनदा साडी देणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण कपडा परत आला आणि त्याला उग्र गोडसर वास येत असेल तर तो नीट वाळवलेला नाही. घेऊच नका, परत वाळवून मागा. घरी आल्यावर पॉलिथिन लगेच काढा आणि हवेशीर खोलीत सावलीत टांगा, लहान मुलं झोपतात त्या खोलीत नको. आणि जळगावच्या उन्हात बंद गाडीत तसे कपडे ठेवून बाकीची कामं करत फिरू नका, सगळी वाफ गाडीतच कोंडते.

घरी पेट्रोल आणून स्वतः साडी पुसायचा प्रकार तर कृपा करून कोणीच करू नका. एका ठिणगीचं काम आहे, आणि सिंथेटिक कापड घासलं तरी ठिणगी पडू शकते.

जळगावची_सून

बापरे किती माहिती मिळाली, सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, पाणी काही लावलं नाहीये, सासूबाईंनीच लावू दिलं नाही. शेरवानीचे खडे आत्ता बघितले, गळ्याचे शिवलेले आहेत आणि बाह्यांचे चिकटवलेले वाटतात. लाँड्रीवाले दादा एक विचारायचं होतं, शेरवानीवर कैरीचं पन्हं पण सांडलं होतं पण वाळल्यावर डाग दिसतच नाहीये, तर तेही सांगायचं का?

भुसावळचा_लाँड्रीवाला

ताई तेच तर आधी सांगायचं! पन्हं, उसाचा रस, कोल्ड्रिंक, यातली साखर वाळली की दिसत नाही. सॉल्व्हंटमध्ये साखर विरघळत नाही, ती तशीच कापडात राहते, आणि मग गरम हवा लागली, इस्त्री फिरली की पिवळा-तपकिरी डाग उठतो. गिऱ्हाईक म्हणतं डाग तुमच्याकडे पडला, आणि आम्हाला सांगता येत नाही की तो आधीपासूनच होता. घामाचंही असंच, घामातलं मीठ पाण्याने निघतं, नुसत्या ड्रायक्लीनने पूर्ण निघत नाही. कारागिराला माहीत असेल तर तो तेवढ्याच जागी पाण्याचं काम आधी करून घेतो. म्हणून जिथे सांडलं तिथे आतल्या बाजूने पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून द्या आणि चिठ्ठीवर लिहा की इथे पन्हं. काखेचं अस्तर वेगळं दाखवा.

आणि शेरवानीसोबतची ओढणी, पायजमा सगळं एकत्रच द्या, नुसती शेरवानी नको. एक नग धुतला आणि दुसरा नाही तर रंगाची छटा पुढेमागे होते.

सावद्याचा_केळीवाला

आमच्या भागाचा प्रॉब्लेम वेगळाच असतो भो, केळीचा चीक. बागेत कोणी चांगल्या कपड्यावर जात नाही पण पाहुणे आले की फोटो काढायला जातात आणि मग साडीला चीक लागतो. ओला असताना पाण्यासारखा दिसतो म्हणून कोणी लक्ष देत नाही, वाळला की काळा पडतो आणि मग निघत नाही म्हणजे नाहीच. कोणी ब्लीच लावायला सांगितलं तर सिल्कवर आणि लोकरीवर अजिबात लावू नका, क्लोरीनच्या ब्लीचने रेशीम अक्षरशः खाल्लं जातं. लागल्या लागल्या कारागिराकडे न्या, एवढंच.

नंदुरबारची_मनीषा

मना अनुभव थोडा वेगळा शे. आमच्याकडचे बरेच लोक भारी कपडे सुरतला पाठवतात, येणंजाणं असतंच, आणि तिथे जरीचं काम करणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, रोज असाच माल हाताळतात. मला तरी वाटतं छोट्या गावात जोखीम घेण्यापेक्षा मोठ्या शहरात दिलेलं बरं. जळगाववाल्यांना नाशिक आहे, पुणं आहे.

भुसावळचा_लाँड्रीवाला

मनीषाताई सुरतच्या कारागिरांबद्दल दुमत नाही. ओळखीचा माणूस असेल आणि तुम्ही स्वतः जाऊन देणार असाल तर जरूर द्या. पण कुणाच्या तरी बॅगेत, कुरियरने पाठवून नाही. काही बिघडलं तर परत परत कोण जाणार? आपल्या गावातला माणूस उद्याही त्याच रस्त्यावर तुम्हाला भेटणार आहे, त्याला त्याची लाज असते. शहर मोठं म्हणून कारागीर मोठा असं नसतं, मोठ्या शहरात माल इतका येतो की तुमची साडी शंभरातली एक होऊन जाते.

चाळीसगाव_कोर्ट

ओढणीचं वाचलं म्हणून लिहितो, वकिली करतो. पावतीच्या मागे "जबाबदारी नाही" छापलं म्हणजे दुकानदार सुटला असं होत नाही. जुना प्रसिद्ध खटला आहे, मद्रास हायकोर्टाचा, १९६६ च्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेला. एका गिऱ्हाइकाची नवी साडी लाँड्रीकडून हरवली, पावतीवर छापलं होतं की किमतीचा काही भागच भरपाई म्हणून मिळेल, आणि कोर्टाने ती अट मान्य केली नाही. कारण सोपं आहे, अशी अट चालली तर थोडीशी किंमत देऊन दुकानदार नवी साडी ठेवून घ्यायला मोकळा.

आज ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. धुलाई ही सेवा आहे, निष्काळजीपणामुळे कपडा खराब झाला तर ती सेवेतली त्रुटी, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

पण ताई हे सगळं पुराव्यावर चालतं. देताना दुकानाच्या काउंटरवरच मोबाईलमध्ये फोटो काढा, दोन्ही बाजू, काठ, पदर, डागाची जागा. पावतीवर नुसतं "साडी १" असं लिहून घेऊ नका, "जुनी पैठणी, खरी जर, रंग अमुक, अंदाजे किंमत इतकी" असं लिहून मागा. जो दुकानदार किंमत लिहायला तयार होत नाही त्याच्याकडे तेवढ्या किमतीची वस्तू ठेवू नका. आणि परत घेताना तिथेच उघडून बघा, घरी नेऊन चार दिवसांनी तक्रार केली की कोणी ऐकत नाही. तुमच्या ओढणीची पावती आणि बिल अजून असेल आणि दोन वर्षं झाली नसतील तर मला वाटतं तुम्ही तक्रार करावी, मोठ्या पैशांसाठी नाही, पण त्या दुकानदाराला पुढच्या गिऱ्हाइकाचा कपडा हातात घेताना ती आठवण राहील.

धुळ्याची_काकू

साडी परत आली की ठेवायची कशी हेही सांगते, कारण ड्रायक्लीन चांगलं होऊनही कपाटात वाट लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, त्यात दमट राहिली की जर काळी पडते. खऱ्या जरीत चांदी असते ना, तिला हवेतला दमटपणा, घाम, अत्तर काहीच मानवत नाही. जुनं स्वच्छ धुतलेलं मलमलचं किंवा सुती धोतर असतं त्यात गुंडाळायची. डांबराच्या गोळ्या साडीच्या अंगाला लागतील अशा कधीच टाकायच्या नाहीत, पुरचुंडी बांधून कोपऱ्यात. दोन-तीन महिन्यांनी काढून घडी बदलायची, आज जिथे मोड आहे तिथे पुन्हा नको. आणि सेंट मारायचा तर साडी नेसायच्या आधी, मागून पदरावर फवारायचा नाही, हे माझ्या सुनांना मी दर लग्नात सांगते.

आणि प्रत्येक वेळी नेसली की ड्रायक्लीन असंही करू नका. डाग नसेल, घाम जास्त नसेल तर रात्रभर पंख्याखाली सावलीत पसरून ठेवली तरी पुरतं. लोकरीचं मात्र उलट, धुळ्याच्या थंडीत वापरलेला स्वेटर, शाल तशीच ठेवली तर कसर लागते, घामाचा आणि जेवणाचा अंश असेल तिथे आधी लागते, ती साफ करूनच पेटीत टाकायची.

जळगावची_सून

आज बाजारातल्या दुकानात सासूबाईंना घेऊन गेले. सगळे प्रश्न विचारले. त्यांनी पैठणी पूर्ण उघडून बघितली, एका ठिकाणी घडीवर विरायला लागलीय ते आम्हालाही माहीत नव्हतं, ते दाखवलं आणि पावतीवर लिहिलं. तेल जाईल म्हणाले. शेरवानीच्या बाह्यांचे खडे चिकटवलेलेच आहेत, त्यावर म्हणाले की बाह्या मशीनमध्ये नाही घालणार, हाताने करू, आणि तरी दोन-चार निघाले तर लावून देऊ. किंमत लिहायला आधी कां-कूं केली पण लिहिली. फक्त एक विचारलं त्यांनी, साडीला पॉलिश आणि रोल प्रेस करून देऊ का, एकदम नव्यासारखी कडक होईल. मी म्हटलं उद्या सांगते. करू का?

भुसावळचा_लाँड्रीवाला

नका करू. पॉलिशमध्ये खळ लावून साडी ताणून रोलरमधून काढतात. नव्या साडीला चालतं, चमक येते. पण तुमची घडीवर विरायला लागलीय, तो ताण तिला सोसणार नाही, आणि खळ राहिली की तिला कसर-किडे लागतात. त्यांना सांगा फक्त ड्रायक्लीन, वरून सुती कापड ठेवून हलकी वाफेची इस्त्री, जरीवर इस्त्री थेट टेकवायची नाही. आणि विरलेल्या जागी धुवायच्या आधीच मागून जाळीचं मऊ कापड टाकून घ्यायला सांगा, रफूवाला त्यांच्या ओळखीचा असेलच, नसेल तर मला मेसेज करा, आमच्याकडे भुसावळला एक आजोबा आहेत, ते करून देतील.